खंडेनवमीची माळ

'चालतंय की' हे शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या नगरकडं हे शब्द दिवसभर कानावर पडत असतात. पंख्याचं पातं वाकलंय, चालतंय की. गाडीचा मागचा ब्रेक लागत नाही, पुढचा लागतोय ना, मग चालतंय की. पूर्वी मीही म्हणायचे. आता म्हणत नाही, आणि माझ्यासमोर म्हणणाऱ्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडतही नाही. घरात त्यावरून मला कजाग म्हणतात. म्हणू देत.

पॉलिटेक्निकला होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये एक जुना कॉम्प्युटर शिकवण्यापुरता उघडून ठेवलेला होता. बोर्डावर मुख्य प्रोसेसर, आणि त्याच्या शेजारी जवळजवळ तेवढीच एक रिकामी जागा. सर म्हणाले, ही को-प्रोसेसरची जागा. जुन्या मशीनमध्ये मुख्य प्रोसेसरला अपूर्णांकांची गणितं जड जायची, म्हणून शेजारी फक्त गणितासाठी दुसरा बसवायचे. ज्याला परवडेल तो बसवायचा. मी विचारलं, "आणि नाही बसवला तर?"

"नाही बसवला तरी चालतो. जरा हळू चालतो, एवढंच," सर म्हणाले. "बघणाऱ्याला काही कळतही नाही."

मला ती रिकामी जागा तेव्हाही आवडली नव्हती. का, ते सांगता आलं नसतं. सरांनी बोर्ड पुढच्या बाकावर दिला आणि तास पुढं गेला.

डिप्लोमा झाल्यावर बरीच वर्षं मी नागापूरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काढली. आता सावेडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा स्वतःचा गाळा आहे. मशिनची बिघडलेली कार्डं दुरुस्त करते, जुन्या मशिनना नवे कंट्रोल बसवून देते. माझा धाकटा भाऊ नागापूरलाच एका लहानशा कारखान्यात प्रेसवर काम करतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. खाली लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डायवर पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून जड ठोकळा येतो, आणि ट्रॅक्टरला लागणारा ब्रॅकेट तयार. दिवसभर तेच.

नागापूरला चहाच्या टपरीवर उभं राहून ग्लास धरलेले हात नुसते बघावेत. कुणाचं करंगळीचं पेर नाही, कुणाचा अंगठा अर्धा. लोक त्याविषयी बोलत नाहीत, त्याच हातानं बिस्कीट बुडवतात. माझ्या भावाची दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि मला त्याची धास्ती होती, कारण त्या बोटांना दुसरंही एक काम होतं. माझी भावजय नर्स आहे. तिची ड्युटी सकाळी लवकर लागते, त्यामुळं पोरीच्या वेण्या तो घालायचा. शाळेचा नियम मोठा कडक, दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकला. गल्लीतल्या बायका त्याला चिडवायच्या, आमच्या पण घाला की भाऊजी म्हणून. पण त्यानं घातलेली वेणी संध्याकाळपर्यंत जागची हलत नसे. पोर दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू द्यायची नाही. मी एकदा कंगवा उचलला तर म्हणाली, "आत्या, तुला जमत नाही. पप्पाच घालतील."

त्या कारखान्याला सुरक्षेची सोय बसवायचं काम माझ्याकडं आलं ते त्यांच्या गिऱ्हाईक कंपनीच्या तपासणीमुळं. प्रेस उघडी आहे, हात सुरक्षित नाहीत, सुधारणा करा, असं ते सांगून गेले. मालकांना तिथं सगळे शेठ म्हणतात. शेठनी मला बोलावलं. मी प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना सेन्सरचे दोन खांब बसवले. एका खांबातून दुसऱ्यावर न दिसणारा उजेड पडत राहतो. मधी हात आला की उजेड तुटतो. आणि तो उजेड तुटला का, एवढंच बघायला पॅनलमध्ये एक वेगळं को-प्रोसेसरचं कार्ड घातलं.

भावानं विचारलं होतं, "आधीचा प्रोसेसर हाय की. त्यालाच सांग ना बघायला. दुसरा कशाला?" मी त्याला म्हणाले, तू चुलीपाशी भाकरी थापत बसलास आणि शेजारी दूध तापतंय, तर आई काय करायची? दुसऱ्या कुणाला तरी बसवायची, तू फक्त दुधाकडं बघ म्हणून. भाकरी करणाऱ्याचं लक्ष भाकरीत असतं. मुख्य प्रोसेसर मोटार चालवतो, ठोके मोजतो, हवेचा दाब बघतो. दुसरा काहीच करत नाही, फक्त बघतो. हात दिसला की त्यानं मुख्य प्रोसेसरलाही विचारायचं नाही, थेट प्रेस थांबवायची.

काहीच करत नाही, बसून असतो, आणि जरा काही झालं की सगळ्यांना थांबवतो, म्हणून कामगारांनी त्या कार्डाचं नाव जावई ठेवलं. सेन्सरवर धूळ बसली, उडता पत्रा मधी आला, की प्रेस थांबायची, पॅनलवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागायचा आणि हाळी यायची, "जावई रुसला." मग फडक्यानं खांब पुसायचे. मला फोन करून भाऊ म्हणायचा, "तुझ्या जावयाचा मानपान लई हाय बाई." मी हसायचे.

पहिले काही दिवस तो पूर्वीसारखाच लांब चिमट्यानं पत्रा ठेवत होता. मग एकदा मी गेले तर म्हणाला, "ताई, गंमत बघ," आणि खाली येत्या ठोकळ्याच्या खाली हात घातला. प्रेस जागच्या जागी अधांतरी थांबली. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो हसत होता. हळूहळू चिमटा मागं पडला. हातानं काम लवकर उरकतं, आणि हात आत राहिला तर मशीन आपण होऊन थांबतं. चिमटा भिंतीच्या खिळ्याला टांगलेला होता, त्यावर धूळ चढली होती. तो तसा पाहून मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी सोनं द्यायला भावाकडं गेले. नागापूरच्या अलीकडं त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. पोरीनं आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं, पाया पडली. भावजयीनं पुरणपोळीचं ताट वाढलं. भाऊ मोबाईल घेऊन शेजारी बसला.

"ताई, हे बघ. औंदा लई भारी पूजा झाली."

आदल्या दिवशीची, खंडेनवमीची पूजा होती. आमच्याकडं त्या दिवशी शेतकरी औतं-अवजारं पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो आणि एमआयडीसीत मशिनं पुजतात. व्हिडिओत प्रेस धुऊन पुसून चकाचक केलेली होती, अंगावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झेंडूची जाड माळ सोडलेली, मधोमध चांगली खाली आलेली. शेठच्या आईनं नारळ फोडला. मग भावानं पेडल दाबलं, ठोकळा खाली आला, मुहूर्ताचा पीस बाहेर पडला, टाळ्या झाल्या. माळ हलत होती.

"परत लाव," मी म्हणाले.

"आवडलं ना?"

"परत लाव म्हणते ना."

त्यानं परत लावलं. मी ताट बाजूला सारलं. माळ दोन खांबांच्या मधी लोंबत होती, म्हणजे उजेड तुटलेला होता, म्हणजे प्रेस हलायलाच नको होती. लाल दिवा लागायला हवा होता. मी पॅनलकडं बघितलं. तिथं लाल दिवा नव्हता, हिरवाही नव्हता. दोन्ही विझलेले होते, आणि प्रेस खाली येत होती.

"कार्ड कुठंय?"

"जावई? आगं, तो सकाळपासनं रुसून बसला हुता. माळ घातली की थांबायचा. मग वायरमननं काढून ठेवला आन् कार्ड न्हवतं तवाची जुनी वायर थेट जोडली. पूजेपुरती." माझं तोंड बघून त्यानं मोबाईल खाली ठेवला. "चालतंय की, ताई."

"पूजा काल झाली. उद्या काम सुरू. माळ अजून तिथंच आहे ना?"

माळ तिथंच होती आणि तिथंच राहणार होती. खंडेनवमीची माळ आमच्याकडं कुणी ओढून काढत नाही. ती सुकून आपोआप गळते, नाहीतर लक्ष्मीपूजनाला नवी चढते तेव्हा जुनी उतरते. नगर-मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांना दिवाळीपर्यंत काळ्या पडलेल्या माळा दिसतात त्या त्याच. शेठच्या आईचा तर कडक नेम होता, माळेला हात लावायचा नाही. माळ काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कार्ड काढलं.

मी तिथूनच शेठना फोन लावला. शेठ गोड माणूस. म्हणाले, "मॅडम, सणाचं कशाला डोकं तापवता? तुमी म्हणता तर माळ जरा वर सरकवू, आईला मी समजावतो. पण वायरमन शेवगावला गावी गेलाय आन् पॅनलची चावी त्याच्यापाशी. सोमवारी आला की पहिलं काम तुमचं."

"तोवर प्रेस बंद ठेवा."

"आवो, मालाची गाडी लागायचीय. आन् कार्ड न्हवतं तवा इतकी वर्षं चाललीच की प्रेस."

"तेव्हा माणसं तिला घाबरत होती, शेठ. आता घाबरत नाहीत."

ते समजुतीनं हसले, दसऱ्याच्या शुभेच्छा म्हणाले आणि फोन ठेवला. मी भावाकडं वळले. म्हणाले, सोमवारपर्यंत सुट्टी टाक. तो वैतागला. "सणासुदीचं काय पण बोलती. सुट्टी टाकून काय सांगू, ताईला भ्या वाटतंय म्हणून? चिमटा वापरतो ना. पोरीची शपथ घेऊ का?"

"पोरीची शपथ घेऊ नको," मी म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले असणार, कारण पोर आतून आली आणि विचारायला लागली, आत्या का चिडली. भाऊ तिला मांडीवर घेऊन बसला. तिच्या वेणीची रिबीन सैल झाली होती, ती त्यानं बोलता बोलता, न बघता नीट केली. त्याची बोटं रिबिनीवरून सरसर चालत होती. मला त्या बोटांकडं बघवेना. मी पुरणपोळी तशीच टाकून उठले, आणि सणाच्या दिवशी ताट टाकलं म्हणून भावजय माझ्यावर रुसली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात माझं कामात लक्ष लागेना. एका कार्डावर पार्ट उलटा सोल्डर केला आणि ते जाळून बसले. दुपारी भावाला फोन केला. "चिमटाच हाय हातात," तो तुटकपणे म्हणाला. मागून प्रेसचा आवाज येत होता. तो खोटं बोलत नव्हता, हे मला माहीत होतं, तरी जीव थाऱ्यावर येईना. चिमटा वापरायचं त्यानं तोंडानं कबूल केलं होतं. पण मशीन आपल्याला बघतंय, हे शिकला होता त्याचा हात. आता मशीन बघत नव्हतं आणि ते हाताला कुणी सांगितलेलं नव्हतं. तोंडाला सांगून काय उपयोग.

शेवटी मी शटर ओढलं. जास्तीचं एक कार्ड, मीटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर डिकीत टाकले आणि स्कूटर काढली. चावी नसली तर पॅनलचं दार उचकटायचं, असं मी ठरवलं होतं. शेठनी पुन्हा कधी काम दिलं नाही तरी बेहत्तर. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. रस्त्यात प्रत्येक रिक्षाला, प्रत्येक टेम्पोला, प्रत्येक गेटला झेंडू होता, आणि सगळा एका दिवसात मान टाकायला लागला होता. एरवी मला दसऱ्यानंतरचा रस्ता बघायला आवडतो. त्या दिवशी मला त्या पिवळ्या रंगाची शिसारी आली.

गेटातून आत शिरले तेव्हा प्रेसचा आवाज येत होता. धप्प. मग पत्रा ठेवण्याएवढी शांतता. मग धप्प. मला हायसं वाटलं. स्कूटर लावली, तोंडावरचा स्कार्फ सोडायला लागले. धप्प. गाठ घट्ट बसली होती. मग पुढचा आवाज आला नाही. पीस अडकला असेल, असं मनात म्हणाले. पाणी प्यायला गेला असेल. मी गाठ सोडत तशीच उभी राहिले. मग आत कुणीतरी मेन स्विच पाडला, आणि कॉम्प्रेसर, ग्राइंडर, पंखे, सगळंच एकदम बंद झालं. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणीच ओरडलं नाही.

आत भाऊ प्रेसला पाठ लावून जमिनीवर बसला होता. सोबतच्या एकानं त्याचा उजवा हात मनगटाला धरून वर केला होता, त्याला मशीन पुसायचं कापड गुंडाळलेलं. कापड लाल होत चाललं होतं. डाव्या हातात चिमटा तसाच होता. मला बघून त्यानं तो चिमटा जरा वर केला.

"चिमटाच वापरत हुतो, ताई," तो म्हणाला.

भावजयीच्या दवाखान्यात नको, असं तो गाडीत सारखं म्हणत राहिला. पण जवळ तोच होता, तिथंच न्यावं लागलं. ती ड्युटी संपवून पर्स खांद्याला लावून बाहेरच पडत होती. पुढचं मी लिहीत नाही. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

काय झालं ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, छताकडं बघत, हळूहळू. "माळेतलं फूल पडलं गं. उन्हानं सुकलेलं. नेमकं डायवर, पत्र्याच्या वर. पूजेचं फूल. त्याच्यावर कसा ठोका मारू? म्हणलं, उचलून कपाळाला लावावं आन् बाजूला ठेवावं. देवाच्या फुलाला चिमटा कसा लावायचा? म्हणून हातानं." त्यानं पट्टी बांधलेला हात उशीवर सरकवला. "पाय पेडलवर हुता. दाबला गेला असंल. मला वाटलं थांबंल. वाटलं पण न्हाई खरं तर. हात गेलाच."

मी संतापानं पेटले होते. कुणावर तरी ओरडायचं होतं. वायरमनवर, शेठवर, त्यांच्या आईवर. शब्द जमवून ठेवले होते. संध्याकाळी शेठच्या आई आल्या, हातात थर्मास. बाकावर माझ्या शेजारी बसल्या. थर्मास उघडून चहा ओतला. मग म्हणाल्या, "माळ म्या काढली. माझ्या हातानं काढली."

"आता काढून काय करायचंय," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. चहा कुणीच प्यायलं नाही.

सोमवारी वायरमन आला. त्यानं पॅनल उघडून दिलं आणि बाजूला उभा राहिला. कार्ड शेठच्या ऑफिसात देवाच्या फोटोपुढं ठेवलेलं होतं. काढून ठेवलं तेव्हा कुणीतरी त्यालाही हळदकुंकू लावलं होतं, फूल वाहिलं होतं. मी ते हातात घेतलं आणि मला हसू आलं, मग रडू आलं, तिथंच शेठच्या खुर्चीपाशी उभी राहून. मग फडक्यानं पिनांमधलं कुंकू झाडलं, कार्ड जागेवर बसवलं, जुनी वायर कापून तिचे दोन तुकडे माझ्या पिशवीत टाकले. हिरवा दिवा लागला.

जखम भरल्यावर भाऊ पुन्हा त्याच प्रेसवर उभा राहिला. मी नको म्हणून भांडले. म्हणाला, दुसरं येतंय काय मला. आता रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो पायानं पेडल दाबून ठेवतो आणि उजवा हात दोन खांबांच्या मधी धरतो. प्रेस थांबते, लाल दिवा लागतो. को-प्रोसेसरला बोटं मोजता येत नाहीत, हात आला एवढंच त्याला कळतं. मग तो हात बाहेर घेतो आणि दिवसभर चिमट्यानं काम करतो. त्या कार्डाला आता कुणी जावई म्हणत नाही.

वेण्याही तोच घालतो. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत बट धरायला शिकला. मधी किती दिवस भावजय ड्युटीची वेळ बदलून घालत होती, पण त्यानं ते काम परत मागून घेतलं. घालून झाल्यावर तो पोरीला पाठमोरी उभी करून निरखतो आणि माझ्याकडं बघतो. मी छान म्हणते.

परवा भावजयीला जमेना म्हणून पोरीला शाळेत मी सोडलं. गेटाच्या अलीकडं ती म्हणाली, "आत्या, जरा थांब." लिंबाच्या झाडामागं गेली, दप्तर मला दिलं. दोन्ही रिबिनी सोडल्या, वेण्या उकलल्या आणि स्वतःच्या हातानं भराभर पुन्हा घातल्या, घट्ट, आरसा नसताना. रिबिनीचं एक टोक दातात धरलं होतं. रोजचा हात होता तो, बघूनच कळत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पप्पा परत घालायला लागले तेव्हापासून. बाई ओरडतात ना, सैल असल्या की." तिनं गाठ मारली आणि वेणी ओढून बघितली. "पप्पांना सांगू नको हां. त्यांना कळत नाही. चालतंय की."

तिला मात्र मी काही बोलले नाही. दुसऱ्या रिबिनीचं टोक धरून उभी राहिले.